आधी लाकूड, मग चित्र: पहिला बाक बनवणाऱ्यांसाठी

घरात काही नवं बनवायचं ठरलं की आपण आधी मोबाइलवर चित्र शोधतो. चित्र पसंत पडलं की ते सुताराला दाखवतो, सुतार मापं काढून वखारीत जातो आणि वखारवाला त्या मापात बसेल असा माल काढून देतो. यात लाकडाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. माझा आग्रह आहे की हा क्रम उलटा करा. आपल्या भागातली रानं, शेतांचे बांध आणि पाडली जाणारी जुनी घरं आज काय देऊ शकतात ते आधी बघा आणि त्यावरून चित्र काढा. हा लेख पहिल्यांदाच काही बनवणाऱ्यांसाठी किंवा सुताराकडून बनवून घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला एक साधा बाक धरला आहे.

क्रमाने एवढा काय फरक पडतो, ते सागाच्या लागवडीत उभं राहिलं की कळतं. सागाची रोपं साधारण २ मीटर बाय २ मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी २,५००. ती सगळी मोठी व्हावीत अशी अपेक्षा नसतेच. काही वर्षांनी विरळणी करतात, पुन्हा काही वर्षांनी करतात. दबलेली, वाकडी, बारीक झाडं काढून उरलेल्यांना ऊन आणि जागा मोकळी करून देतात. शेवटच्या तोडीपर्यंत मूळ रोपांतली थोडीच उभी असतात. विरळणी वेळेवर झाली नाही तर सगळंच रान काठीसारखं बारीक राहतं. आता अडचण अशी की विरळणीचा माल बारीक असतो, आणि आपल्या सगळ्यांच्या चित्रात रुंद, बिनगाठीची, एकसारख्या रंगाची फळी असते. बारीक मालाला फर्निचरमध्ये गिऱ्हाईक नाही, म्हणून तो बल्ल्यांत आणि जळणात जातो, दर पडतो, आणि शेतकऱ्याला विरळणीची मजुरीही अंगावर पडल्यासारखी वाटते. उलट रुंद फळीसाठी जुनं, जाड झाडच लागतं. म्हणजे आपण कागदावर फळीची रुंदी लिहितो तेव्हा रानातलं कोणतं झाड तोडायचं हेही त्याच आकड्याने ठरत असतं.

पहिली पायरी: जुनं लाकूड आहे का, ते विचारा

नवं झाड तोडण्याआधी, तोडून झालेलं लाकूड शोधा. मुंबईतल्या जुन्या चाळी आणि पुण्या-नाशिकचे वाडे पाडले जातात तेव्हा त्यांतून खांब, तुळया, वासे, दारांच्या चौकटी निघतात. यातला पुष्कळ माल एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात समुद्रमार्गे आलेला बर्मी साग आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली त्याच व्यापारासाठी उभी राहिली होती. तसा साग आज नव्याने मिळणं अवघड आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. ज्या घरावर पाडकाम सुरू आहे तिथे किंवा जुन्या मालाच्या वखारीत तो फळीच्या रूपात तुमच्यासमोर पडलेला असतो.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, खिळे. साधं लोहचुंबक फळीवरून फिरवा. एक विसरलेला खिळा गिरणीच्या पात्याचे दात घालवतो, आणि मग गिरणीवाला पुढच्या वेळी जुनं लाकूड कापायला नकार देतो. दोन, टोकं. भिंतीत गाडलेलं टोक ओल आणि वाळवीने पोकळ झालेलं असू शकतं, म्हणून टोकाला पटाशीने टोचून बघा. तीन, जुन्या खाचा. त्या आल्या तर येऊ द्या. तुमच्या बाकाच्या पायावर जुन्या चौकटीची भोकं दिसली म्हणून काही बिघडत नाही, पण नव्या सांध्याच्या जागी मात्र ती येता कामा नयेत.

दुसरी पायरी: आसपास काय उगवतं त्याची यादी करा

साग सोडून दुसरं लाकूड म्हणजे हलकं लाकूड, ही समजूत बाजूला ठेवा. आपले जुने सुतार कामाप्रमाणे झाड निवडायचे. बैलगाडीची चाकं आणि औतं बाभळीची, कारण ती कठीण आणि मार खाणारी. वासे ऐनाचे नि किंजळीचे. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची, कारण ते वजनाला हलकं आणि कोरायला मऊ. प्रत्येक झाडाला काम होतं, म्हणून बांधावर प्रत्येक झाड टिकून होतं.

कोकणात असाल तर आंबा, फणस, किंजळ, शिवण यांची चौकशी करा. फणसाचं लाकूड सोनेरी पिवळं असतं, वर्षं जातील तसं गडद होत जातं, आणि माझ्या मते जेवणाच्या टेबलाला त्याच्याइतकं देखणं लाकूड नाही. शिवण हलकी आणि स्थिर असते, फारशी वाकत-पिळत नाही; खणांना आणि दारांना उत्तम. रायवळ आंब्याचं जुनं झाड उत्पन्न द्यायचं थांबलं की बहुधा खोक्यांना किंवा जळणाला जातं. त्याची फळी चांगली होते, पण एक अट आहे: कापल्याबरोबर वाळवायला हवी आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्याचा हात द्यायला हवा, नाहीतर बुरशीने काळी पडते आणि भुंगा लागतो. देशावर बाभूळ आणि कडुनिंब मिळतील, विदर्भात सागाबरोबर बिजा आणि हळदू.

रबराच्या लाकडाचाही विचार करा. रबराचं झाड २५-३० वर्षं चीक देतं, मग नव्या लागवडीसाठी ते काढावंच लागतं. पूर्वी ते भट्ट्यांत जळायचं. आता त्याच्या लहान लहान तुकड्यांना बोटांत बोटं अडकवल्यासारखे दाते पाडून, चिकटवून तक्ते करतात. हे लाकूड ओल सोसत नाही, त्यामुळे न्हाणीजवळ किंवा गॅलरीत नको. आत, कोरड्या खोलीत चालतं.

शिसवाबद्दल एक सूचना. शिसव आणि शिसम ही दोन्ही डालबर्जिया कुळातली झाडं, आणि २०१७ च्या जानेवारीपासून हे जवळजवळ सगळं कूळ साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यांच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. पहिल्या बाकाला शिसव घेऊ नका. आजोबांचा शिसवी पलंग घरात असेल तर तो दुरुस्त करून वापरा.

तिसरी पायरी: वखारीत कागद मागा

हे करताना नवख्या माणसाला संकोच वाटतो, म्हणून सविस्तर सांगते. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरची साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी यादीतली झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. शहरांत १९७५ चा वेगळा कायदा आहे. परसातलं झाड वठलं आणि त्याचा बाक करावा असं वाटलं, तरी कुऱ्हाड लावण्याआधी वन विभागाच्या किंवा पालिकेच्या कार्यालयात विचारा.

वखारीतून घेताना तीन साधे प्रश्न पुरतात. हे लाकूड कुठलं? याचा वाहतूक पास किंवा लिलावाची पावती आहे का? बिलावर झाडाचं नाव लिहून द्याल का? दुकानात ‘सीपी’, ‘बल्लारशा’, ‘घाना’ अशी नावं ऐकू येतील. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला, विदर्भ आणि मध्य प्रदेशाकडचा साग. घाना म्हणजे आफ्रिकेतून आलेला. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा सरकारी साग वन विभाग आणि १९७४ साली स्थापन झालेलं वनविकास महामंडळ लिलावाने विकतात, त्यामुळे त्याचा माग काढता येतो. एफएससीचा (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचा) शिक्का असलेलं लाकूड मिळालं तर उत्तमच. १९९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या नियमांप्रमाणे रान ते दुकान अशा साखळीची तपासणी होऊन हा शिक्का मिळतो. पण लहान गावातल्या वखारीत तो शिक्का नसला म्हणून माल वाईट ठरत नाही. पावती दाखवणारा वखारवाला मिळाला की त्याच्याकडेच परत परत जा. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो दुर्लक्ष करेल. वीस जणांनी विचारलं की पावत्या गल्ल्यातच ठेवू लागेल.

चौथी पायरी: मापं झाडाप्रमाणे ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपला बाक ४२ इंच लांब, साधारण १२ इंच रुंद आणि १७ इंच उंच आहे. हा दोन प्रकारे बनवता येतो.

पहिला प्रकार चित्रातला: वर १२ इंच रुंद, दीड इंच जाड अखंड फळी, ३ इंच चौरस पाय, ४ इंच उंच, दीड इंच जाड लांब पट्ट्या. हिशेब करा. फळी ७५६ घन इंच, चार पाय ५५८, दोन लांब पट्ट्या ४३२. बेरीज १,७४६ घन इंच, म्हणजे एका घनफुटाहून (१,७२८ घन इंच) थोडं जास्त, आणि यात आखूड पट्ट्या धरलेल्याच नाहीत.

दुसरा प्रकार: वर ४ इंच रुंद, १ इंच जाड अशा तीन फळ्या, मध्ये पाव-पाव इंचाच्या फटी. पाय पावणेदोन इंच चौरस. अडीच इंच उंच, १ इंच जाड अशा दोन लांब पट्ट्या ३६ इंचांच्या आणि तीन आखूड पट्ट्या साडेनऊ इंचांच्या. तिसरी बरोबर मध्यभागी, नाहीतर बसल्यावर फळी लवते. फळ्या ५०४, पाय १९६, लांब पट्ट्या १८०, आखूड ७१. बेरीज ९५१ घन इंच. जवळजवळ निम्मं लाकूड, आणि दोन माणसं निवांत बसतील एवढा मजबूत.

पण निम्मं लाकूड लागलं हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा: १२ इंचांची अखंड फळी काढायला चार फुटांहून अधिक घेराचा ओंडका लागतो. ४ इंचांची फळी ६० सेंटिमीटर घेराच्या ओंडक्यातूनही निघते, कारण त्याचा व्यास साडेसात इंच भरतो. हा विरळणीत निघणारा माल आहे. शिवाय साडेतीन फुटांहून लांब तुकडा कुठेच लागत नाही, त्यामुळे फांदीच्या वरचा आखूड भागही चालतो. रंध्याचे छिलके आणि करवतीचा भुस्सा धरून या बाकाला साधारण एक घनफूट माल घ्या.

बारीक सागात सालीलगतचा फिकट पट्टा जास्त असतो. गिऱ्हाईक तो बघून नाक मुरडतं, सुतार तो काढून टाकतो, आणि ओंडक्याचा मोठा भाग वाया जातो. त्याला किडीचा धोका अधिक आहे हे खरं, म्हणून जमिनीला टेकणारे पाय गडद गाभ्याचेच करा. वरच्या फळ्यांत आणि पट्ट्यांत मात्र बोरॅक्सचा हात देऊन फिकट लाकूड वापरा. एका फळीवर गडद आणि फिकट असे दोन पट्टे शेजारी आले की झाड आतून कसं वाढलं तेच दिसतं. मला ते लपवावंसं वाटत नाही. गाठींचंही तसंच. घट्ट बसलेली गाठ फळीच्या मधल्या भागात खुशाल येऊ द्या. सुटी, काळी कडा असलेली गाठ टाळा, आणि सांध्याच्या दोन इंचांत कोणतीच गाठ ठेवू नका.

पाचवी पायरी: लाकडाला हलायला जागा द्या

माझं पहिलं टेबल मी पुण्यात पावसाळ्यात जोडलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये ते नागपूरला मावशीच्या घरी मधोमध तडकलं. रुंद अखंड टॉप मी चारही कडांनी स्क्रू आवळून बसवला होता. चांगलं लाकूड होतं, आणि ते वाया गेलं ते निव्वळ माझ्या अज्ञानामुळे. टिकाऊपणाची चर्चा रानापासून सुरू करतात, पण दहा महिन्यांत तडकणारं टेबल बनवलं तर रान कितीही नीट सांभाळलेलं असो, काय उपयोग?

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत फुगतं आणि आटतं. १२ इंच रुंदीचा सागाचा टॉप पावसाळा आणि उन्हाळा यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर सहज हलतो, आणि साग तर यात शांत समजला जातो. आपल्या बाकातल्या फटी त्यासाठीच आहेत. तीन अरुंद फळ्या आपापल्या जागी थोड्या थोड्या हलतात, कुणी कुणाला ढकलत नाही.

लाकूड आणल्यावर लगेच कापू नका. जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत, दर दोन फळ्यांमध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या ठेवून रचा. फळ्यांच्या टोकांना रंगाचा किंवा मेणाचा हात द्या. ओल टोकांतून झपाट्याने निघते आणि तिथूनच तडे जातात. ओल मोजायचं यंत्र नसेल तर एका लहान तुकड्यावर तारीख घाला आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरच्या हवेला आलं. मगच रंधा हातात घ्या.

सहावी पायरी: उघडता येतील असे सांधे

पायात खाच आणि पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे त्या खाचेत बसणारी जीभ, हा सांधा आपल्या प्रत्येक जुन्या दाराच्या चौकटीत आहे. तो शिका, किंवा सुताराला तोच करायला सांगा. खिळे मारून चिकटवलेला बाक पाच वर्षांनी डगमगू लागला की फेकून द्यावा लागतो. खाच-कुसूचा बाक सोडवून पुन्हा बसवता येतो. गोंदाऐवजी आरपार खुंटी मारली तर फारच छान, खुंटी ठोकून काढता येते. गोंद लागणारच असेल तर जुन्या सुतारांचा सरस आठवा. तो उष्णतेने आणि वाफेने सुटतो. वरच्या फळ्या खालून स्क्रूने धरा, म्हणजे एक फळी खराब झाली तर एकच बदलायची.

सुटं होणारं फर्निचर ही नवी कल्पना नाही. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांनी मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरिचानी गावी बीच नावाच्या झाडांच्या रानाजवळ कारखाना काढला तो त्या रानासाठीच. १८५९ सालची त्यांची चौदा नंबरची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या सहा लाकडी भागांची होती, आणि अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. रुंद फळी कोरून वळण काढण्याऐवजी बारीक दांडा वाकवला, म्हणून भुस्सा कमी झाला. खुर्चीचा आकार त्या रानातल्या लाकडाला साजेसा होता.

प्लायवुड घेणार असाल तर

कपाटासारख्या मोठ्या कामाला प्लायवुड घ्यायला लाजू नका. उत्तर भारतातलं पुष्कळ प्लाय शेतात लावलेल्या पॉपलर आणि निलगिरीपासून बनतं. तिथे शेतकऱ्याला झाड हे पीक म्हणून परवडतं. वर सागाचं रूप हवं असेल तर अर्ध्या मिलिमीटरचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावा. एक इंच जाड फळीच्या ऐवजी ते लावलं तर तेवढ्याच लाकडात जवळपास पन्नास पट पृष्ठभाग झाकला जातो. पाण्याजवळ आयएस ७१० या भारतीय मानकाचं प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ पुरतं.

फक्त तक्त्याचं माप लक्षात ठेवा: ८ बाय ४ फूट. कपाटाची खोली पावणेचोवीस इंच ठेवली तर करवतीचा काप धरूनही रुंदीत दोन पट्ट्या बसतात. साडेचोवीस इंच धरली की एकच बसते आणि जवळजवळ अर्धा तक्ता उरतो. चित्र काढण्याआधी कागदावर तक्ता काढा आणि सगळे भाग त्यात मांडून बघा.

बांबूसाठी दोन शब्द

बाकाच्या वरच्या फळ्यांच्या जागी बांबूही चालेल. सिंधुदुर्गातला माणगा बांबू बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव असतो. फर्निचरला फार चांगला. तीन-चार वर्षांची काठी घ्या, कोवळी घेऊ नका, आणि पावसाळ्यात तोडलेली तर नकोच. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेली काठी मागा. कुडाळकडे कोनबॅक ही बांबूकामाची संस्था आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू केंद्र यांचं काम बघण्यासारखं आहे.

बांबू घेण्याला आणखी एक कारण आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला, आणि किती तोडायचं, किती ठेवायचं हे गावच ठरवू लागलं. पुढे २०१७ मध्ये भारतीय वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू विकणंही सोपं झालं.

शेवटचा हात

जाड, चकचकीत, प्लास्टिकसारखा थर देऊ नका. त्याला ओरखडा पडला की सगळा थर खरवडावा लागतो. जवसाचं तेल किंवा चपडी लाखेचं पॉलिश द्या. ओरखडा पडला तिथे तेवढंच घासून पुन्हा हात देता येतो. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

मग बाक उलटा करा आणि मधल्या आखूड पट्टीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: लाकूड कोणतं, कुठून आणलं, कोणत्या वर्षी जोडलं, कोणती खुंटी आधी काढायची. त्यावर तेलाचा एक हात फिरवला की अक्षर पुसलं जात नाही.